बंद खोक्याची वकिली

लायल ट्रेनविथच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये पत्र्याचं कुंपण आहे, खांद्याइतकं उंच. दुसऱ्याच्या अंगणात डोकावू नये एवढं मलाही कळतं. पण दोरीवर कपडे घालताना जे आपसूक कानावर येतं त्याला कोणी काय करावं? आमच्याकडे कपडे फार धुतले जातात, असं माझा नवरा कीथ म्हणतो. म्हणू दे. लायलबद्दल मी जे सांगणार आहे ते निम्मं या दोरीखाली मिळालेलं आहे, आणि निम्मं त्यानेच कुंपणावर कोपर टेकून, न विचारता सांगितलेलं.

हा माणूस आमच्या वॉलरूच्या धान्यकोठारांवर वजनकाटा सांभाळतो. उंच, वाळका, आणि कान असे की वारा सुटला तरी टोपी जाग्यावर राहते. ऐन कापणीत गव्हाच्या ट्रकांची रांग गावाबाहेर पोचते तेव्हा काट्यावरच्या माणसाला नाक शिंकरायची सवड नसते. आणि नेमकी तेव्हाच, सहा-सात वर्षांतून एकदा, लायल सुट्टी मागायचा. कारण काय, तर गेमचं नवं मशीन बाजारात येतंय. पहिल्या खेपेला साहेब म्हणाला, "लायल, लोक बाळंतपणाला सुट्टी घेतात रे."

"बाळंतपण दरवर्षीसुद्धा होऊ शकतं," लायल म्हणाला. "हे नाही होत."

सुट्टी मिळाली. साहेब हसता हसता सही करून बसला असणार.

त्याची बायको शॅरन त्या पहिल्या सुट्टीच्या थोडी आधीच क्वीन्सलंडला निघून गेली होती. तिकडचं ऊन तिला मानवलं, आणि ऊन अंगावर घेत नळ दुरुस्त करणारा एक गृहस्थही. घरात उरले बाप आणि लेक, टॅम्सिन. आता ट्रेनविथ मंडळी मनातलं बोलणारी नव्हेत. त्यांचे खापरपणजोबा इथल्या तांब्याच्या खाणीत होते, तिथे तोंड उघडलं की आत धूळ जायची. तेव्हापासून या घराण्याने तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. फोनवर हवा कशी आहे ते बोलतील, समोरासमोर तेही नाही. पण त्या मशीनपुढे कोचावर शेजारी शेजारी बसले, पडद्याचे दोन तुकडे झाले, वरच्यात तिची गाडी आणि खालच्यात याची धावायला लागली, की दोघांची जीभ सुटायची. नजरेला नजर द्यायची नसते ना. वळण घेता घेता टॅम्सिनने त्याला गणितात नापास झाल्याचं सांगितलं. वळण घेता घेताच त्याने तिला सांगितलं की आई परत येणार नाही. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, म्हणून मला माहीत.

तर नवं मशीन येण्याचा दिवस म्हणजे आमच्या गल्लीचा सण झाला होता. लायल टीव्ही उचलून व्हरांड्यात मांडायचा, बार्बेक्यूचा तवा अंगणात काढायचा, आणि आम्ही आपापल्या खुर्च्या घेऊन हजर. सॉसेज, परतलेला कांदा, पावाचा तुकडा, माश्या. खोकं टॅम्सिनने उघडायचं. पहिली शर्यत बापलेकीची. हरेल त्याने तवा घासायचा. जुनं मशीन त्याच दिवशी शेजारच्या घरात जायचं, म्हणजे आमच्याकडे; आमच्याकडचं त्यापुढच्या घरात डेस पोलग्लेझकडे; डेसकडच्याचं काय व्हायचं ते डेसलाही ठाऊक नसावं. देताना लायल आतलं सगळं पुसून द्यायचा, शेजाऱ्याचं भांडं घासून परत करावं तसं. आणि एकदा दिलं की दिलं, परत मागायचं नाही.

टॅम्सिन आठ वर्षांची असताना पहिला सण झाला. पडद्यावर गवताचं पातं न् पातं वेगळं दिसलं तेव्हा डेस उभाच राहिला. ती पंधराची असताना दुसरा. त्या वेळी खेळाडूंच्या कपाळावर घाम दिसला आणि कीथने सॉसेज खाली टाकलं. दोन्ही वेळा तवा लायलने घासला.

तिसऱ्याच्या आधी टॅम्सिन पश्चिमेच्या राज्यात गेली. कॅलगूर्लीच्या सोन्याच्या खाणीवर घराएवढाले ट्रक चालवायला लागली. मशीन येणार त्याच वर्षी साथ आली. राज्यांनी आपापल्या सीमा बंद केल्या. पश्चिमेने तर अशी कडी घातली की उघडायचं नाव नाही. शिवाय मशीन मिळेना. दुकानात रांग लावायची सोयच उरली नव्हती, सगळी नोंदणी कॉम्प्युटरवर, आणि तिथे पान उघडेपर्यंत माल संपलेला. शेवटी पुढच्या हिवाळ्यात टपालवाल्याने लायलच्या दारात खोकं आणून ठेवलं. रीतीप्रमाणे त्याच संध्याकाळी जुनं मशीन, पुसून, वायरी गुंडाळून, आमच्याकडे आलं.

"आणि नवं?" मी विचारलं.

"कपाटावर ठेवलंय. टॅम्सिन आली की उघडू."

"ती कधी येणार?"

"सीमा उघडली की."

सीमा उघडली. तेव्हा तिला शिफ्ट बदलून मिळेना. मग सुट्टीत मित्रांबरोबर बालीला जायचं ठरलं. मग कोणी एक ॲरन नावाचा मुलगा निघाला, त्याच्या घरच्यांचा नाताळ आला. खोकं कपाटावरच. म्हणजे बघा, आख्ख्या गल्लीत मशीन वाटणारा हा माणूस तीन वर्षं स्वतः मशीनशिवाय बसला होता. उशाशी पाण्याचा हंडा आणि घसा कोरडा.

"निदान उघडून तर बघ," मी एकदा म्हटलं. "आत वीट निघाली म्हणजे?"

"काट्यावर घालून आणलंय," लायल शांतपणे म्हणाला. "वजन बरोबर भरतं."

खरी मजा पुढेच आहे. ते मशीन न उघडता हा माणूस त्याची वकिली करत गावभर फिरायचा. रविवारी धक्क्यावर ही मंडळी निळ्या खेकड्यांसाठी जाळ्या सोडून बसतात. तिथे डेस मुद्दाम सुरू करायचा.

"लायल, माझा नातू म्हणतो या खेपेच्या मशीनमध्ये काही दम नाही."

"तुझा नातू बूट उलटे घालतो."

"ते सोड. आधीच्या खेपेला माणसाच्या तोंडावर घाम दिसला. त्याआधी तोंड दिसलं. आता म्हणे घामाच्या थेंबात ढग दिसतो. तो बघायला कोण बसलंय?"

"ज्याला डोळे आहेत तो. आणि सुरू व्हायला वेळ लागत नाही त्याला. बटण दाबलं की खेळ."

"मी रिटायर माणूस. मला वेळच वेळ आहे."

"डेस, नव्यात जे आहे ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही."

"अरे पण नवे खेळ कुठे आहेत? जुन्यांनाच रंग लावून परत विकतायत. आणि तेच खेळ जुन्या मशीनवरही चालतात. मग हे घेतलं कशाला? पलंग तोच, चादर बदलली."

"तू उघडून बघितलंयस का?" लायल चिडून विचारायचा, आणि मी खेकड्यांच्या बादलीत तोंड लपवायची. खोकं बंद असल्याचं ज्ञान त्या धक्क्यावर फक्त मला होतं. एरवी माझ्या पोटात तीळ भिजत नाही, पण हे भिजलं. का कोण जाणे.

चौथ्या वर्षी टॅम्सिनचा फोन आला: ईस्टरला येते. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, रविवारी सकाळी जायचं.

गुरुवारी लायल कुंपणाशी आला. बराच वेळ पत्र्यावरचा गंज नखाने खरवडत राहिला.

"काट्यावर आता कॅमेरे बसतायत," तो म्हणाला. "पुढच्या कापणीनंतर तिथे माणूस लागणार नाही."

"मग तू काय करणार?"

"मी म्हटलं, कॅलगूर्लीला जावं. तिच्या घरात नाही हं. तिच्या जवळपास कुठेतरी. तिला चालेल का ते विचारायचंय."

"मग विचार."

"कसं?"

"तोंडाने. नाकाखाली असतं बघ."

तो हसला नाही. "शर्यतीत विचारीन," म्हणाला. "तिसऱ्या फेरीला. तेव्हा ती पुढे गेलेली असते, खुशीत असते."

शनिवारी दुपारी आम्ही खुर्च्या घेऊन गेलो. टॅम्सिन पायरीवर बसली होती. खांदे रुंद झालेले, कपाळावर हेल्मेटचा पट्टा उमटलेला.

"नोलीन," ती म्हणाली, "तुझे कपडे वाळले की नाही अजून?"

"तू गेल्यापासून ओलेच आहेत गं," मी म्हटलं.

लायलने खोकं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. टॅम्सिनने त्याच्याकडे बघितलं.

"हे काय, दुसरं घेतलंस? पहिलं बिघडलं?"

"दुसरं कुठलं? हेच ते. तुझ्यासाठी ठेवलंय. सील बघ, सील."

डेसच्या हातातला पाव तोंडाशी थांबला. "म्हणजे तू तीन वर्षं—" तो म्हणाला, आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. टॅम्सिन मात्र चिकटपट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग तिने चाकू मागितला.

मशीन निघालं पांढरं, अवाढव्य. टीव्हीखालच्या फळीत मावेना, म्हणून विटांवर उभं केलं. बटण दाबलं. निळा दिवा लागला. आम्ही श्वास रोखले. पडद्यावर अक्षरं आली: मशीन जुनं झालं आहे, आधी अपडेट उतरवून घ्या.

"जुनं झालंय?" कीथ म्हणाला. "आत्ता तर जन्मलं."

वॉलरूचं इंटरनेट म्हणजे काय सांगावं, त्यापेक्षा धान्याची आगगाडी लवकर येते. सॉसेज संपली. कांदा तव्यावर काळा झाला. अपडेट उतरलं, तर शर्यतीचा खेळ म्हणाला, मलाही अपडेट हवं. सावल्या अंगणभर लांबल्या.

"सुरू व्हायला वेळ लागत नाही ना रे याला?" डेसने विचारलं. त्या दिवशी त्याला लाथ घालायला मला पाय कमी पडले.

अखेर चित्र आलं. पावसात भिजलेला रस्ता, डबक्यात दिव्यांची प्रतिबिंबं. आम्ही सगळे पुढे वाकलो. आणि कोणी उभं राहिलं नाही. कोणाच्या हातातून काही पडलं नाही. "छान आहे," कीथ म्हणाला, पाहुण्यांच्या घरच्या चहाला म्हणतात तसं. मलाही छान वाटलं, पण आमच्या घरातल्या मशीनमध्ये डबकी अशीच ओली दिसतात, आणि ते मशीन लायलकडूनच आलेलं. डेससुद्धा गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणं फार वाईट होतं. टोमणा परवडला असता.

लायलने दुसरा कंट्रोलर आधीच मागवून ठेवला होता. तो त्याने टॅम्सिनच्या हातात दिला आणि पडद्यावर दोघांच्या शर्यतीचं बटण शोधायला लागला. या पानावर गेला, त्या पानावर गेला. गाड्यांचे रंग, चाकांच्या तऱ्हा, ड्रायव्हरचे हातमोजे. सगळं होतं.

"डॅड," टॅम्सिन हळूच म्हणाली, "यात ते नाहीये."

"असेल. आत कुठेतरी असेल."

"नाहीये. आता बहुतेक खेळांत नसतं. दुसऱ्याने त्याच्या घरी, त्याच्या मशीनवर बसायचं. मग नेटवरून एकत्र खेळायचं."

"मग पडदे एवढे मोठे कशाला केले?" लायल म्हणाला. तो खरंच विचारत होता.

मी म्हटलं, "असतो एखादा खेळ तसा. तो उतरवा." उतरवायला घातला, तर मशीनने अंदाज दिला: उद्या दुपार. ती तर सकाळीच निघणार.

लायलने कंट्रोलर गुडघ्यावर ठेवला. टॅम्सिन तिच्या हातातल्याकडे बघत होती.

"माझ्याकडे होतं हे," ती म्हणाली. "तुझं आलं ना, त्याच हिवाळ्यात मी घेतलं. तिकडे दुसरं काय होतं, शिफ्ट आणि धूळ. तू फोनवर म्हणालास, मशीन आलं. मला वाटलं, मग हा नेटवर येईल एखाद्या संध्याकाळी. जेवण झालं की मी तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागलाय का, म्हणजे तू खेळायला बसलायस का, ते बघायची. कधीच लागायचा नाही."

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? कानाला भोंगा लावून नेटवर खेळणाऱ्यांना तू किती हसायचास. म्हणायचास, हे म्हणजे फोनवर जेवण्यासारखं. मला वाटलं, तुला नकोय तसं. तू का नाही सांगितलंस, की खोकं बंद आहे?"

"गंमत करायची होती," लायल म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तू आल्यावर."

आम्ही सगळे आपापल्या खुर्चीच्या दांड्यांकडे बघत बसलो होतो.

"बरं, मग आता तरी," लायल म्हणाला. "तू तिकडे, मी इकडे. भोंगा घेतो मी."

"विकलं मी ते," टॅम्सिन म्हणाली. "गेल्या वर्षी. एकटीला कंटाळा यायचा. आणि नवं असं काही वाटायचंच नाही त्यात."

मग मीच तोंड घातलं. म्हटलं, "लायल, तुझं जुनं मशीन आमच्या खोलीत आहे. दोन कंट्रोलर आहेत, पडद्याचे दोन तुकडे होतात. कीथला पाठवते, पाच मिनिटांत येईल."

टॅम्सिनने मान वर केली. तिने हो म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण लायल आधी बोलला.

"दिलेलं परत मागत नाहीत, नोलीन."

"मागतंय कोण? मी देतेय."

"राहू दे," तो म्हणाला. आणि टॅम्सिननेही मान खाली घातली. "राहू दे, नोलीन," तीही म्हणाली.

त्या संध्याकाळी कोणी हरलं नव्हतं, तरी लायल तवा घासायला बसला. टॅम्सिन नळी धरून त्याच्या समोर उभी राहिली. मी खुर्च्या गोळा करण्याच्या निमित्ताने रेंगाळले, किती वेळ ते विचारू नका. दोघं अगदी समोरासमोर होती, मध्ये पडदा नाही, काही नाही, आणि म्हणून एक शब्द निघेना. "इथे राहिलंय अजून," ती म्हणाली. त्याने तिथे घासलं. झालं एवढंच बोलणं.

रविवारी सकाळी तिची गाडी गेली. गाडीत तिने आदल्या दिवशीच्या दोन पेस्टी, मांस-बटाटा भरलेल्या मोठाल्या करंज्या, नेल्या, हे मी पाहिलं. लायल फाटकाशी उभा होता. मी बादली घेऊन बाहेर पडले.

"विचारलंस?"

"तिसरी फेरी आलीच कुठे," तो म्हणाला.

मला काहीतरी खोचक सुचलं होतं. गिळलं. मग त्यानेच सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत. "आठची होती, मग पंधराची. मी धरून चाललो होतो की या गोष्टी येत राहतात. सहा-सात वर्षांनी एक येतं. पण माणसाला अशी किती मिळतात, नोलीन? चार? पाच? त्यातलं एक मी कपाटावर ठेवलं."

मी त्याला म्हटलं, पुढचं येईल. तो म्हणाला, हो, येईल.

त्यानंतर त्याने ते मशीन वापरलं नाही असं नाही. संध्याकाळी खिडकीतून गाडीचा आवाज यायचा, एकटीचाच. गाडी फार हळू चालवायचा तो, पावसातला रस्ता बघत. डेसने धक्क्यावर पुन्हा विषय काढला तर लायल अजूनही भांडायचा, आणि आता तर उघडून बघितलेला माणूस म्हणून भांडायचा. "रस्ता बघ एकदा येऊन. रस्त्याचा खडा न् खडा दिसतो." डेस म्हणायचा, "बरं बाबा." मशीन फिकं आहे एवढं कबूल केलं की सगळंच फिकं होतं असं कबूल करावं लागेल, असं काहीतरी लायलच्या डोक्यात असावं.

जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी मी चादरी वाळत घालत होते. लायल व्हरांड्यात बसला होता, फोन मांडीवर, आवाज मोठा केलेला. ऐकू कमी येतं त्याला हल्ली. पलीकडून टॅम्सिन बोलत होती.

"डॅड, पुढच्या मशीनची बातमी वाचलीस? अजून दोन-तीन वर्षं आहेत म्हणे."

"वाचली."

"घेणारेस?"

"तू?"

मग ती म्हणाली, "खरं सांगू का? माझं आता त्यात पूर्वीसारखं मन नाही लागत. म्हणजे, वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दिवशी तू एवढं सगळं केलंस, तीन वर्षं ठेवलंस, आणि मी ही अशी..."

चादरीचा चिमटा माझ्या दातांत होता. तो तसाच राहिला.

"अगं, त्यात तुझं काय?" लायल म्हणाला. आवाज एकदम हलका, माश्या हाकलल्यासारखा. "या खेपेचं मशीनच फिकं निघालं. जगभर बोंब आहे. डेसचा नातूसुद्धा म्हणतो."

"तू तर भांडायचास त्यांच्याशी."

"भांडायला काय जातं? तेव्हा मी उघडलं तरी होतं का? खरंच सांगतो, त्यात काही नव्हतंच. आपण खेळलो नाही ते बरंच झालं. उगाच विरस झाला असता."

"खरं म्हणतोयस?"

"तर काय. पलंग तोच, चादर बदलली."

ती हसली. मोकळं हसली, बऱ्याच दिवसांचं ओझं उतरल्यासारखं, आणि लायल त्या फोनकडे बघत बसून राहिला. काट्यावरचे कॅमेरे त्या आठवड्यात बसून गेले होते. त्याबद्दल तो बोलेल, आता बोलेल, म्हणून मी ओली चादर छातीशी धरून उभी होते. माझा शर्ट भिजला. विचार की रे, मी मनात म्हणत होते, ती हसतेय तोवर विचार.

"तिकडे थंडी कशी आहे?" त्याने विचारलं.

"आहे बऱ्यापैकी," टॅम्सिन म्हणाली. "तिकडे?"

"इकडेही आहे," लायल म्हणाला, आणि मग दोघं बराच वेळ थंडीबद्दल बोलत राहिले.